माझ्या साडूचे बिनमाणसांचे फोटो

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या साडूएवढे बिनकामाचे फोटो काढणारा माणूस दुसरा सापडायचा नाही, हे मी कुठंही उभा राहून सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अकोल्याला त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, दुकान कसलं, टपरीच. मोबाइल आले, लोक मनगटाकडं बघायचे थांबले, तसा हा डोळ्याला भिंग लावून दिवसभर रिकामा बसायला लागला. तशात कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला एक कॅमेरा त्याच्या हाती लागला. साबणाच्या वडीएवढा, रंग उडालेला, आत दोन पेन्सिल सेल. माझ्या नातीनं तो पाहिला तर खेळायला मागितला. त्या कॅमेऱ्यानं हा माणूस कला करतो. कला हा त्याचाच शब्द. मी चौथी शिकलेला, भातकुलीच्या जिनिंगात सरकीची पोती वाहण्यात माझा जन्म गेला. मला कलेतलं काही कळत नाही. पण फोटोत माणूस पाहिजे, एवढं कळतं.

तो महिन्यातून एकदा आमच्याकडं भातकुलीला यायचा. आला की चपला काढायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढायचा, कारण त्याचा कॅमेरा चण्याफुटाण्यासारखे सेल खायचा. दुसरा सेल शेजाऱ्याच्या घड्याळातला. लोकांची घड्याळं चालती करून पोट भरणारा हा माणूस आला की आमच्या आळीतली दोन घड्याळं बंद पडायची, आणि तो गेल्यावरही कुणी ती लवकर चालू करायचं नाही, कारण सेल तो सोबत घेऊन जायचा. मग दिवसभर याचं काम चालायचं. ओल्या पोत्याचा फोटो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाचा फोटो. बंद पडलेल्या जिनिंगच्या गंजक्या पत्र्यासमोर तर तो असा तासभर उभा राहायचा की चौकीदारानं मला येऊन विचारलं, पाहुणे पत्रा विकत घ्यायला आले काय. नांदगाव पेठेला आमच्या पुतण्याचं लग्न होतं. फोटो मी काढतो म्हणाला, फुकटात होते म्हणून सगळे खूश. नंतर फोटो आले ते पाहिले. चपलांचा ढीग, हळद सांडलेली चटई, रिकाम्या पत्रावळीवर पडलेली सावली, आणि माणूस म्हणाल तर नवरदेवाची एक टाच. नवरदेवाच्या बापानं विचारलं, पोराचं तोंड कुठं आहे. साडू शांतपणे म्हणाला, "तोंड तं तुमी रोजच पायता." त्या घरानं आम्हाला पुढच्या बारशाला बोलावलं नाही.

पण तो पहिल्यापासून असा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीला चारचौघांसारखे हसऱ्या तोंडांचे फोटो काढायचा. त्या वर्षांत आमच्याकडं काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी पुन्हा उगाळत नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरात कर्जापायी माणूस गेला. चौथ्या दिवशी कुठल्याशा पेपरचे दोघे गाडीतून आले, हातभर लांब कॅमेरे घेऊन. साडू तेव्हा आमच्याकडंच होता, मोठे कॅमेरे बघायला हौसेनं गेला. मीही मागं गेलो. त्यातल्या एकानं त्या बाईला, नवरा गेलेल्या बाईला, सांगितलं की जरा खिडकीकडं तोंड करा, आणि मघाशी रडल्या होत्या तसं एकदा करा. तिनं केलं. बिचारीला वाटलं, करावंच लागते. साडू घरी आला, ओट्यावर बसला, जेवला नाही. त्या दिवसापासून त्यानं माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरला नाही. विचारलं तर म्हणायचा, "त्या कामासाठी मोठे कॅमेरे हायेत, भाऊ."

आमचं घर अंधारं. त्यात भारनियमन, दुपारची वीज तर नसायचीच. कॅमेऱ्याचा फ्लॅश त्याला आवडायचा नाही, म्हणायचा, तोंडावर थप्पड मारल्यासारखा उजेड पडते. म्हणून त्यानं एक युक्ती काढली. दारात ऊन यायचं. तिथं स्टीलचं ताट घेऊन कुणीतरी उभं राहायचं आणि ताटावरचं ऊन घरात फेकायचं, दाराच्या कडीवर, नाहीतर रांजणावर, जिथं याला पाहिजे तिथं. ते कुणीतरी म्हणजे माझी बायको. तिची बहीण तिला बाई म्हणायची म्हणून हाही बाईच म्हणायचा. "बाई, जरासं खाली. आता हालू नका. श्वास बी घेऊ नका." ती ताटामागून म्हणायची, "श्वासच नाई घ्याचा तं मेल्यावर काढा न फोटो, जवाईबुवा." पण ताट हलू द्यायची नाही. हे दहा वर्षं चाललं. मी खाटेवर पडून बघायचो आणि मधूनच विचारायचो, आज चहा होणार आहे की नाही.

एकदा अकोल्याच्या एका वाचनालयानं त्याचे पंचवीस फोटो भिंतीवर लावले. मी गेलो होतो. कॉलेजातले एक सर रांजणाच्या फोटोसमोर बराच वेळ थांबले आणि हा प्रकाश कसा साधला म्हणून विचारलं. साडू म्हणाला, "आमच्या बाईनं ताट धरलं होतं." सर हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

बायको मागच्या पौषात गेली. तेरवीला हार घालायला फोटो पाहिजे, तर घरात तिचा एकच फोटो, मतदार कार्डावरचा. त्यावर ती जशी दिसते तशी ती जन्मात कधी दिसली नव्हती. मी पहिली गाडी पकडून अकोल्याला गेलो. साडूनं शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडं दहा वर्षांचे सगळे फोटो उघडले. पोतं, पत्रा, कडी, रांजण. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही दोघं म्हातारे त्या पडद्याला डोळे लावून बसलो. एका फोटोत कोपऱ्यात ताटाची कड आणि तिचा अंगठा निघाला. बस. साडू हळूच म्हणाला, "बाई सगळ्यात हाये भाऊ, फक्त दिसत नाई."

मी म्हटलं, "न दिसणाऱ्याले हार कुठं घालू?"

त्यानं अंगठ्याचा तो फोटो बंद केला. मला सुनवायला त्याच्याजवळ होतं. एकदा, दोन-तीन वर्षांपूर्वी, त्यानं आपला नेम मोडून तिला विचारलं होतं, बाई, तुमचा एक काढू का. ती पदर सावरून ताट खाली ठेवत होती, तेवढ्यात खाटेवरून मीच म्हणालो होतो, "तिचा काय काढता, सेल वाया जातीन." ती हसली आणि तिनं ताट पुन्हा उचललं. मला ते त्या पडद्यासमोर आठवलं. त्यालाही आठवलं असणार. पण त्यानं तो विषय काढला नाही, आजपर्यंत नाही.

शेवटी स्टुडिओवाल्यानं कार्डावरचं तोंड मोठं केलं आणि खाली दुसऱ्याच कुणाची तरी रेशमी साडी आणि चपलाहार जोडून दिला. तसला हार तिच्या गळ्यात कधी पडला नाही. नात विचारते, ही कोण. मी म्हणतो, आजी. ती म्हणते, नाही.

साडू अजून येतो. ती गेल्यावर पहिल्यांदा आला तेव्हा कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही, नुसता बसून राहिला. दुसऱ्यांदा मीच मांडणीवरचं ताट काढलं आणि दारात जाऊन उभा राहिलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग चुलीजवळच्या भिंतीकडं कॅमेरा धरला. ऊन ताटावरून सरळ डोळ्यात येतं, हे मला माहीत नव्हतं. दहा मिनिटांत खांदा भरून आला आणि भिंतीवरचा उजेड हलायला लागला. साडूनं कॅमेरा खाली घेतला. "दमले असान तं बसा, भाऊ," तो म्हणाला.

एवढंही मी तिला कधी म्हटलं नव्हतं.