अस्वलाच्या वाटेवरचं वसतिगृह

बातमी आली तेव्हा विद्यापीठाचा पेपर सुरू होता. मी सुपरव्हिजनला होते. आमच्या ऑफिसातले मोठे बाबू वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत येईनात. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "मॅडम, अकोल्याहून फोन आला…" पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वळून पाहिलं तर सगळ्या वर्गानं माना वर केल्या होत्या. वसतिगृहातल्या मुली पुढच्याच बाकांवर होत्या. "लिहा," मी म्हणाले. कुणाचं पेन हललं नाही.

शालिनी इंगळे आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. तिला जाऊन आता महिना उलटला. बाजारात लोक तिला 'अस्वलानं मारलेली मॅडम' म्हणतात. तेवढीच ती उरू नये, म्हणून हे लिहायला घेतलं.

ती जानेफळकडची, शेतकऱ्याघरची. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायची आणि दाराबाहेर पाऊल पडलं की वऱ्हाडी. तिच्या प्रत्येक साडीला आम्लानं पडलेलं एक तरी भोक असायचं, आणि त्याच साडीत ती लग्नालाही जायची. "पाहणारा नवरीले पाह्यते, मले कोन पाह्यते?" असं म्हणून मोठ्यानं हसायची. कुठल्या मुलीचं कुणाशी पटत नाही, कुणाला घरून फोन आला की ती रडते, हे तिला न सांगता कळायचं.

आमचं कॉलेज गावाबाहेर, घाटाच्या पायथ्याशी आहे. एस.टी. फाट्यावर थांबते. तिथून वसतिगृहापर्यंतची कच्ची वाट नाल्याच्या कडेनं जाते आणि नाल्यापलीकडे थेट जंगल सुरू होतं. वसतिगृहामागची पाण्याची टाकी कित्येक वर्षांपासून गळते. जंगलातलं पाणी आटलं तरी टाकीखालचं डबकं आटत नाही. एका सकाळी शालिनी मला तिथं घेऊन गेली. चिखलात पावलं उमटली होती.

"सुनंदा, हे पाय कुनाचे सांग बरं?"

"माणसाचे," मी म्हणाले.

"मंग मानसाले एवढी नखं काऊन?"

बोटांच्या पुढे लांब रेघा ओढल्यासारख्या दिसत होत्या. अस्वल इथं पाण्यावर येऊन गेलं होतं.

त्याच दिवशी ती प्राचार्यांकडे गेली. टाकी दुरुस्त करा, वाटेवर दिवे लावा, एवढंच तिचं मागणं. पण तपासणीची कमिटी यायची होती आणि फाट्यावर कॉलेजची नवी कमान उभी राहत होती. "कमिटी येऊन जाऊ द्या, मग पाहू," असं उत्तर मिळालं. मी तिला म्हटलं, पेपरात छापून आण. तिनं मान हलवली. "छापलं तर उद्या सगळे बाप येतीन पोरी न्यायले. अन् एकदा नेलेली पोरगी परत येत नाही, सुनंदा. तिचं लगन होते."

तरी कुणकुण लागलीच. मोताळ्याकडच्या वैष्णवीचे वडील थेट रेक्टरच्या खोलीत आले. वैष्णवी शेवटच्या वर्षाला होती. "मॅडम, इकडं अस्वल फिरून राह्यलं म्हनते. खरं हाय का?"

मला वाटलं, शालिनी वेळ मारून नेईल. तिनं सरळ सांगितलं, "खरं हाय, भाऊ. पन वाटेनं पोरीच्या पुढं मी असन."

त्यांनी पिशवी उचलली. मग म्हणाले, "तुमच्या भरोशावर ठेवून चाललो."

तेव्हापासून गावातून, घरून परतणाऱ्या मुलींसाठी शेवटच्या गाडीच्या वेळी शालिनी फाट्यावर हजर असायची. हातात स्टीलचं ताट आणि प्रयोगशाळेतली लोखंडी सळई. पुढे ती ताट बडवत चालायची, मागे मुली. "आपन येऊन राह्यलो हे त्याले आधीच कळलं पाह्यजे," ती सांगायची. "अचानक समोर गेलं की ते भेते, अन् भेलेलं अस्वल वाघापेक्षा वाईट." सुरुवातीला मुली याला मॅडमची वरात म्हणत आणि हसत. ऊन वाढत गेलं तसं हसणं कमी झालं. नाल्यापलीकडची वारुळं वाळवीसाठी उकरलेली दिसली. मग वाटेलगतची. मग एका सकाळी वसतिगृहाच्या भिंतीजवळचं वारूळ फोडलेलं होतं, वरती मुली झोपत त्या खिडकीच्या बरोबर खाली. कॉलेजातली कुत्री टाकीकडे जाईनाशी झाली. दरम्यान कमिटी आली, झगमगत्या कमानीखाली फोटो काढून गेली. वाट अंधारातच राहिली.

त्या संध्याकाळी मी नव्हते. वैष्णवीनं सांगितलं तेवढंच मला माहीत. मोठी वावटळ उठली होती. धुळीनं डोळे उघडत नव्हते आणि ताटाचा आवाज वारा उलटीकडे नेत होता. मागची एक मुलगी ठेचकाळून पडली, म्हणून शालिनी तिला उठवायला थांबली. तोंडावर ओढणी धरलेली वैष्णवी नकळत पुढे गेली. वळणावर अस्वल होतं, पाण्याकडे निघालेलं, सोबत पिल्लू. ते मागच्या पायांवर उभं राहिलं. शालिनी धावली, वैष्णवीला मागे ओढलं आणि स्वतः मध्ये उभी राहिली. "पळू नका! मागं सरका!" एवढंच ती ओरडली… पिल्लू झुडपात गेलं तसं अस्वलही गेलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अकोल्याच्या दवाखान्यात मी भेटले तेव्हा तिचा एकच डोळा पट्ट्यांबाहेर होता. तिनं आधी मुलींचे पेपर कसे गेले ते विचारलं. थोड्या वेळानं म्हणाली, "त्याले मारतीन का वं हे लोक? लेकरू होतं त्याच्यासंग. त्याले नको मारू म्हना. टाकीची गळती बुजवा म्हना." मी हो म्हटलं. मग जखमा चिघळल्या, ताप उतरेना…

ती म्हणाली होती तसंच झालं. पेपरात छापून आलं आणि बाप आले. जीपच्या टपावर ट्रंका, गाद्या चढल्या. शोकसभेत प्राचार्यांनी कमानीला तिचं नाव देण्याचं जाहीर केलं. मागून वैष्णवी उठली. वडील शेजारी बसले होते. तिला न्यायलाच आले होते. "सर, कमानीले नको," ती म्हणाली. "आधी टाकी." वडिलांनी तिला हात धरून खाली बसवलं, पण घरी नेलं नाही. तिनं उरलेले पेपर इथंच राहून दिले. अस्वल अजून सापडलेलं नाही. टाकी अजून गळते.

रेक्टरचं काम आता माझ्याकडे आहे. शालिनीच्या खोलीत पहिल्या दिवशी मी खिडकी लावायला गेले, तर कडी सुतळीनं बांधून टाकलेली, खिडकी कधीच बंद होऊ नये अशी. बाहेरचं ऐकू यावं म्हणून तिनं पलंगही खिडकीला लावून घेतला होता. मी सुतळी सोडली नाही. दिवेलागणीला तिथं बसते. वसतिगृह निम्मं रिकामं आहे. राहिलेल्या मुली पूर्वी या वेळी व्हरांड्यात दंगा करायच्या. आता दिवस मावळला की एकेकीचा आवाज आपोआप खाली येतो, मग थांबतो. कुणी कुणाला गप्प बस म्हणत नाही. सगळ्याच ऐकत असतात.