शेवटच्या खान्यातलं नाव

तुमच्या हाताखाली तीन माणसं आहेत, तिघंही घाम गाळून काम करतात, आणि वरून हुकूम आला की यातलं एक वाईट आहे असं पाच वाजेपर्यंत लिहून द्या, तर सांगा, कोणाचं नाव लिहाल? घाईनं उत्तर देऊ नका. धम्मरत्नला अख्खा दिवस मिळाला होता, तरी त्याचं चुकलं.

धम्मरत्न वरवट बकालचा. वय अडतीस. कपाशीचं बियाणं तयार करणाऱ्या एका कंपनीत बारा वर्षं काढलेला. कंपनीचं मोठं ऑफिस पुण्यात, काचेचं. इथलं ऑफिस म्हणजे संग्रामपूर रोडवर एका कृषी केंद्राच्या माडीवरच्या दोन खोल्या, चार खुर्च्या आणि खडखडणारा कूलर. काम मात्र शेतात. बियाण्याच्या प्लॉटवर बाया हातानं क्रॉसिंग करतात. आदल्या संध्याकाळी मादी ओळीतल्या कळीचे नर तुरे खुडायचे, सकाळी दुसऱ्या ओळीतलं फूल आणून त्याचे पराग तिच्यावर घासायचे, वर दोरा बांधायचा. दुपार झाली की फूल मान टाकतं आणि त्या दिवसाचं बी गेलं. हे सगळं नीट चाललंय का ते पाहायचं, ही धम्मरत्न आणि त्याच्या तिघांची नोकरी.

दोन वर्षांपूर्वी त्याला टीम लीडर केलं. पगार वाढला तो नावालाच, पण कार्ड छापून आलं. महामायानं, त्याच्या बायकोनं, ते शोकेसच्या काचेमागे उभं केलं. बाप याच शिवारात मजुरी करून गेला. शेतमालकांच्या ज्या ओट्याखाली बाप उभा राहायचा, त्या ओट्यावर आता लेकासाठी खुर्ची यायची. ती खुर्ची धम्मरत्नला आवडायची, खोटं कशाला बोला.

लीडर झाला म्हणून शेगावच्या एका हॉटेलात दोन दिवस ट्रेनिंग झालं. वर्तमानपत्राच्या घडीवर पाच जणांनी तोल सांभाळत उभं राहायचं, असे खेळ. पुण्याचे झोनल साहेब म्हणाले, आपण सगळे एक फॅमिली आहोत. लीडर म्हणजे जबाबदारी अंगावर घेणारा. धम्मरत्ननं ते वहीत उतरवून घेतलं. जेवणात गुलाबजाम होते. ज्या घरातून दर साली एक माणूस बाहेर काढायचा असतो ते घर कसलं, हे कोणी विचारलं नाही.

तिघांमधला कुलदीप सव्वीसचा, मोबाइलवर बोटं अशी चालायची की बघत राहावं. काजल ऑफिसात बसून सगळी नोंद सांभाळायची. आणि गोविंदा, बावन्न वर्षांचा, कुणबी शेतकऱ्याच्या घरातला. कपाशीचं बोंड चिमटीत धरून तो सांगायचा की हे क्रॉसिंगचं आहे की आपोआप धरलेलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत जे आठ दिवसांनी कळतं ते याला बांधावर कळायचं. म्हणूनच सगळ्यात अवघड प्लॉट धम्मरत्ननं त्याला दिले होते, टुनकीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी.

तिथं मोबाइलला रेंज नाही.

आणि कंपनीनं यंदापासून माणूस मोजायचा ठरवला तो फोटोंवर. प्लॉटवर गेलं की अ‍ॅपमध्ये फोटो काढायचा, तो जागच्या जागी वर गेला पाहिजे. नंतर पाठवलेला चालत नाही. कुलदीपचे महिन्याला चारशे फोटो, गोविंदाचे साठ, त्यातल्या निम्म्यांत त्याचाच अंगठा. बी सगळ्यात चोख गोविंदाच्या प्लॉटचं निघायचं, पण बियाला त्या अ‍ॅपमध्ये खानाच नव्हता.

सप्टेंबरच्या एका सोमवारी लॅपटॉपवर तो फॉर्म आला, या टीमकडे पहिल्यांदाच. चार नावं, धम्मरत्नचं स्वतःचं धरून. चार खाने: उत्तम, चांगला, बरा, सुधारणा आवश्यक. एका खान्यात एकच नाव. शेवटचा खाना रिकामा ठेवला की स्क्रीन लाल व्हायची. धम्मरत्ननं साहेबांना फोन लावला. रेंजचं सांगितलं, बियाचं सांगितलं. साहेब गोड बोलले. म्हणाले, कठीण निर्णय घेतो तोच लीडर, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर फॉर्म तुमच्याकडे आहे. शेवटच्या खान्यातल्या माणसाचं पुढे काय होतं ते मात्र नीट सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मेहकर भागातल्या टीमचा असा एक जण मागच्या साली नोकरी जाऊन हिवरा आश्रमला, आपल्या गावी, घरी बसला होता.

दुपारी गोविंदा चहा घेऊन वर आला. धम्मरत्नचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "काऊन बे लीडर, आंबलेलं वरण खाल्लं का? पुण्याचा फोन होता काय?"

आता सांगावं असं धम्मरत्नच्या जिभेवर आलं होतं. खोलीत काजल होती, कुलदीप दाराशी गाडीची किल्ली फिरवत उभा होता. चौघंच्या चौघं हजर. पण लीडरनं आपला कमकुवतपणा टीमला दाखवू नये, हेही त्या वहीत लिहिलेलं होतं. शिवाय गोविंदाला त्या प्लॉटवर पाठवणारा तो स्वतःच. कोणत्या तोंडानं सांगणार? "काही नाही गोविंदाभाऊ, ॲसिडिटी झाली," म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

पावणेपाचला त्यानं शेवटच्या खान्यात स्वतःचं नाव टाकलं. स्क्रीन हिरवी झाली. त्याला वाटलं, हे पाहून वरच्यांना लाज वाटेल. कोणीतरी फोन करून विचारेल की धम्मरत्न, हे काय केलंस? बारा वर्षांचा माणूस आहे, विचारतीलच. घरी जाताना तो हलका झाला होता. महामायालाही बोलला नाही.

फोन आला तो नवव्या दिवशी. कोणी एचआरच्या मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही स्वतःच मान्य केलं आहे की तुमचं काम समाधानकारक नाही. राजीनाम्याची लिंक पाठवते. धम्मरत्न समजावत राहिला, मॅडम "हो सर, समजू शकते सर" म्हणत राहिल्या. शुक्रवारी लॅपटॉप, ओळखपत्र आणि कंपनीचं जर्किन काजलच्या टेबलावर ठेवून त्यानं सही केली. काजल सही घेताना वर बघत नव्हती.

इथवर तरी एक समाधान होतं की गोविंदा वाचला. ते चार दिवस टिकलं. कुलदीपला लीडर केलं आणि पहिल्याच दिवशी तोच फॉर्म त्याच्यापुढे आला. जुना लीडर गेला म्हणून जुना फॉर्म रद्द, नवीन भरा. कुलदीपही एकटाच बसला. त्यानंही कोणाला विचारलं नाही. साठ फोटोवाल्याचं नाव टाकलं आणि प्लॉटवर निघून गेला. राजीनाम्याची लिंक मग गोविंदाला आली.

गोविंदा धम्मरत्नच्या दारात आला तेव्हा सकाळ होती. बसला नाही. महामायानं पाणी पुढे केलं ते हातात धरून उभा राहिला.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमची नोकरी वाचवावं म्हणलं, भाऊ."

"मी काय लेकरू हाये? तू माह्यावर उपकार करून राह्यला होता. त्या दिवशी चहा घेऊन मी समोर उभा होतो बे. सांगतलं असतं तं चौघांनी मिळून तो फॉर्म तसाच लाल ठेवला असता. चौघाले काढून त्यायनं ऐन क्रॉसिंगमधी कोण आणलं असतं इथं? तुले मोठं व्हायचं होतं, तेवढंच."

गोविंदानं पाणी न पिता पेला ओट्यावर ठेवला आणि गेला. अजून तो याच्या दारात आलेला नाही.

आता धम्मरत्न दुसऱ्याच्या शेतावर फवारणीचा हिशेब सांगायला जातो, रोजानं. एकदा बांधावर बनाबाई भेटली, क्रॉसिंगच्या बायांच्या टोळीची मुकादम. त्यानं काहीच लपवलं नाही, सगळं सांगितलं. तिनं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मांगच्या साली मालक म्हणे टोळीतली एक कमी करा. आमी वीसच्या वीस काम सोडून धुऱ्यावर जाऊन बसलो. घंटाभर. फुलं मान टाकाले लागली तसा आला पळत. तुमी चौघं कुठी बसले होते?"

चौघं त्या दिवशी एकाच खोलीत होते, एकमेकांपासून चार हातांवर.

म्हणून तुम्हाला मागणं एवढंच आहे. असा कागद तुमच्या टेबलावर आला, तर त्यावर कोणाचंच नाव लिहू नका, स्वतःचं तर मुळीच नाही. आधी उठा, आणि तो कागद तुमच्या सगळ्या माणसांपुढे मोठ्यानं वाचा.