दसऱ्याची गाडी

दसऱ्याला मी माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारला हार घातला, नारळ फोडला, गल्लीभर पेढे वाटले आणि मगच चावी फिरवून पाहिली. बॅटरी मेलेली.

शेजारचे काका हसले नाहीत. नांदुऱ्यात त्यांचं कापसाचं दुकान. अशीच दोन दारांची लाल गाडी त्यांच्याकडेही आहे. खरं तर त्यांची पाहूनच मी जळून माझी घेतली. ते बोलतात हळू, मिशीवरून बोट फिरवत. गाडी मात्र रोज हाणतात. संग्रामपूरच्या बाजारातली वांगीसुद्धा तिच्यातूनच येतात.

"आणा चाबी. तुम्ही धक्का मारा," ते म्हणाले.

मी माझ्याच गाडीला धक्का मारला. ती सुरू झाली, आणि गल्लीच्या टोकाला अशी गरजली, जशी माझ्या हाती कधी गरजली नव्हती. अर्ध्या तासाने परतली तेव्हा हार उडालेला, बॉनेट तापलेलं.

"तिले रस्त्यावर पयवत जा ना भाऊ," काका म्हणाले. "झाकून काऊन ठेवता?"

मी चडफडत गाडीवर घालायला कव्हर उचललं.

"राहू द्या ते, मी बसते," बायको म्हणाली. "मले बी तुम्ही दसऱ्यालेच बाहेर काढता."