शादली न्हाव्याची वाफ

शादली न्हाव्याने सिगारेट सोडली, यावर बिझर्त शहराच्या जुन्या बंदरात महिनाभर कुणाचा विश्वास बसला नाही. चौदाव्या वर्षापासून ओढत होता तो. दाढी करताना सिगारेट ओठांच्या कोपऱ्यात असायची आणि राख पडायच्या नेमक्या आधी मान वळवून तो ती दाराबाहेर झटकायचा. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या अंगावर राख पडू दिली नाही, असं छाती पुढे काढून सांगायचा. मी पोस्टात नोकरीला. आठवड्यातून दोनदा त्याच्या खुर्चीत बसायचो. घरी गेलो की बायको माझा शर्ट हुंगून म्हणायची, "शादलीकडे जाऊन आलात वाटतं."

सिगारेट त्याने सोडली ती मुख्तारपायी. मुख्तार म्हणजे बंदरावरच्या कॅफेचा मालक, शादलीचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्याने आयुष्यात सिगारेट तोंडाला लावली नव्हती. पण त्या बसक्या छताखाली, पत्ते कुटणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या धुरात तो पस्तीस वर्षं उभा राहिला आणि त्याची फुप्फुसं गेली. डॉक्टरने विचारलं, "किती वर्षं ओढत होतात?" मुख्तारला हसू आलं आणि हसता हसता ढास लागली. शेवटच्या दिवसांत शादली त्याची दाढी करायला घरी जात असे. एके सकाळी मुख्तारने तोंड बाजूला फिरवलं. "तुझ्या बोटांना वास येतो रे," एवढंच म्हणाला. शादलीने वस्तरा पुसला, हात धुतले, पुन्हा धुतले. वास गेला नाही.

मुख्तार गेल्यावर शादलीने पुदिन्याच्या गोळ्या चघळून पाहिल्या, सूर्यफुलाच्या बिया फोडून पाहिल्या. चार दिवस जायचे आणि पाचव्या दिवशी पाकीट खिशात. शेवटी त्याची मुलगी रतीबा, जी फ्रान्सला नर्स आहे, तिने एक इलेक्ट्रॉनिक सिगारेट पाठवली. बोटभर लांबीची काळी नळी. ती ओढली की पांढरी वाफ निघे. आम्ही पोट धरून हसलो. "शादली, तुझ्या किटलीला कढ आलाय रे!" पण त्या किटलीने काम केलं. अकरा महिने त्याने सिगारेटला हात लावला नाही. सकाळचा खोकला थांबला. बंदराचा चढ तो न थांबता चढू लागला.

इकडे मुख्तारची बायको वसीला, विधवेने पाळायच्या सुतकाचे चार महिने दहा दिवस झाल्यावर, काउंटरमागे येऊन उभी राहिली. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या राखदाण्या गोणीत भरल्या आणि भिंतीवर पाटी लावली : आत धूर नाही. कायदा आधीपासून होताच, पण बंदरावर तो कुणी मनावर घेत नव्हतं. निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या कॅफेत गेली. "बाईने मशीद केली कॅफेची," असं मासेवाला मबरूक म्हणाला आणि टेबल उचलून फूटपाथवर नेऊन बसला. शादली मात्र वसीलाच्या बाजूने. तो ऐटीत आत, खिडकीजवळ, नळी घेऊन बसायचा.

धूर गेला तशा बायका येऊ लागल्या. शाळेतली मास्तरीण हुनैदा मैत्रिणींबरोबर यायची. तिला सहावा महिना होता. एका दुपारी तिने वसीलाला हळूच विचारलं, "हे खिडकीजवळून काय येतंय माझ्याकडे?"

वसीला शादलीसमोर येऊन उभी राहिली. "सी शादली, हे पण बाहेर." आमच्याकडे मानाने पुरुषाला सी म्हणतात, बाईला लल्ला.

"लल्ला, हा धूर नाही हो. वाफ आहे. तुमच्या कॉफीवर येते ना, तशी."

"माझ्या कॉफीत बाटलीतलं निकोटिन नसतं."

"रतीबा म्हणते, सिगारेटपेक्षा हे पुष्कळ बरं."

"तुमच्यासाठी बरं असेल. मी नाही कुठं म्हणते? पण शेजारच्या खुर्चीचं काय? तेही रतीबाने सांगितलंय?" वसीलाचा आवाज चढला नाही. "मुख्तारलाही सगळे हेच सांगायचे. ओढेल त्याला होईल, तुला काय होतंय? मी आता कुणाच्या सांगण्यावर थांबणार नाही."

शादली कप उचलून बाहेर गेला. बाहेर आम्ही होतो, मबरूकच्या टेबलाशी, आमच्या धुरासकट. मबरूकने टाळी वाजवून स्वागत केलं. "या या, जावईबापू! सासूने हाकललं?" जानेवारीचा वारा समुद्रावरून सुया टोचत होता. त्यात शादलीची वाफ निघताक्षणी उडून जाई आणि आमचा धूर मात्र त्याच्या तोंडावर. मबरूक रोज पाकीट पुढे करायचा. वाईट मनाने नव्हे, आमच्याकडे एकट्याने ओढत नाहीत, समोरच्याला विचारतात. शादली रोज छातीवर हात ठेवून नको म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने एक घेतली. मी समोरच होतो. मी काही बोललो नाही, याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर तो कॅफेत दिसेना. आठ दिवसांनी वसीलाने मला गाठलं. "शादली आजारी आहेत का?" मी म्हणालो, "नाही." मग मी कॉफीत साखर घातली. माझ्या कॉफीत साखर नसते, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी शादलीच्या खुर्चीत, अर्धा गाल साफ, अर्धा फेसात. दारात वसीला. त्या दुकानात बाईमाणसाने पाऊल टाकल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाकावर वाट बघत बसलेला म्हातारा उठून मुकाट्याने निघून गेला.

तिने नाक वर करून हुंगलं. "सिगारेटचा वास आहे."

"गिऱ्हाइकाचा," शादलीने वस्तऱ्याने माझ्याकडे खूण केली.

"पोस्टमनने पाकीट तुमच्या खिशात ठेवलंय?"

पांढऱ्या कोटाच्या खिशातून लाल कोपरा डोकावत होता. शादलीचा चेहरा उतरला आणि मग एकदम लाल झाला. "हो, ओढतो! कुठं बसवलंत मला, पाहिलंत? दारू सोडलेल्या माणसाला गुत्त्यात नेऊन बसवायचं आणि म्हणायचं, सांभाळ स्वतःला! अकरा महिने, लल्ला. अकरा महिने मी दात आवळून काढले. आत बसायचा मला हक्क नाही, त्या पोरीच्या पोटात बाळ आहे, मला कळतं. पण मी त्यांच्यातला नव्हतो. मला त्यांच्यात का ढकललंत?"

वसीला बाकावर बसली. माझ्या गालावरचा साबण ओघळून कॉलरमध्ये गेला.

"हे माझ्या डोक्यात आलं नाही," ती म्हणाली. "आत नाहीतर फूटपाथ, दोनच जागा दिसल्या मला." उठताना म्हणाली, "पाटी मात्र काढणार नाही."

"काढा असं मी म्हणतच नाही," शादली म्हणाला.

कॅफेच्या मागे छोटं अंगण आहे. तिथे रिकामे क्रेट आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या होत्या. वसीलाने आठवड्यात ते रिकामं केलं आणि लिंबाच्या झाडाखाली दोन टेबलं मांडली. तिथली पाटी वेगळी : इथे वाफ चालेल, सिगारेट नाही. मबरूकने त्या जागेचं नाव ठेवलं 'आजारी वॉर्ड'. शादली पहिले दहा दिवस तिथे एकटाच बसला. मग मी जाऊन बसू लागलो, हात रिकामे ठेवून. जमेल तेवढा वेळ.

त्याला पुन्हा सुटायला दोन महिने लागले. मध्ये तीनदा घसरला आणि प्रत्येक वेळी स्वतः काउंटरशी जाऊन सांगून आला. वसीला उपदेश करायची नाही. चिलगोजे घातलेला चहाचा ग्लास पुढे सरकवायची. पुढे उन्हाळा लागता लागता मबरूकही खोकत खोकत अंगणात आला, हातात नवी कोरी नळी. "हसाल तर बघा," म्हणाला. आम्ही हसलोच.

शादलीने आपल्या दुकानातही पाटी लावली, तीन वर्षं झाली त्याला. सिगारेट नाही आणि वाफही नाही. तीन जुनी गिऱ्हाइकं तुटली. नळी त्याची अजून सुटलेली नाही. रतीबा दर खेपेला आधीपेक्षा कमी निकोटिनचं द्रव्य पाठवते आणि फोनवर रागावते. दाढी अर्ध्यावर सोडून तो फूटपाथवर जातो, वाऱ्याकडे पाठ करतो आणि दोन झुरके घेतो.

"शादली, फेस वाळतोय रे!" मी आतून ओरडतो.

"वाळू दे. नवा लावतो."