उंच उडीच्या गादीवरची बाळं

शाळेतल्या मावशी चालताना किंचित डावीकडे कलत. नव्या मुलांना वाटे, पायात काही दोष असावा. दोष पायात नव्हता. मावशी सात भावंडांत सगळ्यांत मोठ्या. पाठची भावंडं एकामागून एक त्यांच्या कडेवर वाढली. एक उतरलं की दुसरं चढे. "कमरेला सरळ व्हायला फुरसतच कुठे मिळाली?" असं त्या स्वतःच हसत सांगत.

भावांना त्यांनी कडेवर घेऊनच शाळेत पोचवलं होतं. वर्गाच्या दाराशी भाऊ उतरत, आत जात, आणि मावशी दुसऱ्या बाळाला थोपटत बाहेर उभ्या राहत. खिडकीतून ऐकून पाढे पाठ झाले. पण बाळ रडलं की आतून "ए, जा तिकडे" असा आवाज येई. तिसरीनंतर त्यांचं नाव पटावरून गेलं ते गेलंच. एक भाऊ पोस्टात लागला, एक बँकेत. मावशी शाळेत शिपाई म्हणून लागल्या. शाळेत शिरायला मला नोकरीच करावी लागली, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

घंटा देणं, पाणी भरणं, खडू पोचवणं, फाटक सांभाळणं ही त्यांची कामं. फाटकावर उभं राहिलं की वर्गातून न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. नव्या इमारतींतल्या मुली रिक्षातून येत, हातात डबा नि पाण्याची बाटली, घरी एखादंच भावंड. मागच्या वसाहतीतल्या मुली पायी येत, आणि सहावी-सातवीत आल्या की येईनाशा होत. वसाहतीत कुणाच्या घरी पाळणा हलला की सातवीत एक बाक रिकामा पडे. वर्गशिक्षिका हजेरी घेताना म्हणत, "या मुलींना अभ्यासाचं गांभीर्यच नाही." मावशींना ठाऊक होतं, की नव्या इमारतीत धुणंभांडी करायला जी बाई जाते तिचीच थोरली घरी मूल सांभाळत बसलेली असते. आई दुसऱ्यांची घरं आवरते, तेव्हा मुलगी आपलं.

अशीच एक थोरली एके सकाळी फाटकाशी येऊन उभी राहिली. बाप गवंडी, आई धुणंभांडी करणारी, आणि चार मुलींच्या पाठीवर झालेला भाऊ हिच्या कडेवर. घरचे त्याला राजा म्हणत.

"मावशी, काल गणितात काय शिकवलं ते कुणाला तरी विचाराल?"

"तूच विचार की. आत जा."

"हा आहे ना."

"त्याला काय शाळेत घालायचंय? दे इकडे."

राजानं मावशींच्या हातात येताच भोकाड पसरलं, मग त्यांच्या चष्म्याची दोरी तोंडात घातली आणि गप्प झाला. थोरली वर्गात जाऊन बसली.

तिथून सुरुवात झाली. खेळाच्या सामानाच्या खोलीत उंच उडीची जाड गादी पडून होती. व्यायामाच्या सरांनी किल्ली दिली आणि "मी काही पाहिलं नाही" असं म्हणून ते मैदानावर निघून गेले. महिन्याभरात गादीवर चार-पाच बाळं लोळू लागली. मावशी मधल्या सुट्टीत त्यांच्या बहिणींना हाक मारत, दूध-पाण्याची सोय बघत, घंटा द्यायला धावत, परत येत. गणवेश शिवणाऱ्या शिंप्याकडून उरलेल्या कापडाचे तुकडे आणून त्यांनी सगळ्यांना एकसारखी निळी अंगडी शिवली होती. एकानं दुसऱ्याचं ओलं केलं तरी भांडण नको. केसही सगळ्यांचे एकदमच कातरलेले. लांबून पाहिलं तर एकाच आईची बाळं वाटावीत.

वर्गांत गैरहजेरी कमी झाली. ती का कमी झाली, हे कुणी विचारलं नाही.

सातवीचं वर्ष संपत आलं. ही शाळा सातवीपर्यंतच. पुढे गावातल्या मोठ्या शाळेत जायचं तर प्रवेशपरीक्षा होती. तीत वरचा नंबर आला तर फी माफ. फी भरून थोरलीला पाठवणं घरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे परीक्षा ही एकच वाट. मावशी स्वतः गवंड्याच्या दारी गेल्या.

"पास झाली तर बघू," गवंडी म्हणाला. "पण त्या दिवशी पोराची हेळसांड झाली ना मावशी, तर परीक्षाबिरीक्षा सगळं बंद. चार पोरींनंतर झालाय तो."

"माझ्या डोळ्यांसमोर असेल."

"बघा बरं. शब्द देताय."

"दिला."

परीक्षा याच शाळेत, सुट्टीच्या दिवशी होती. शाळेत फक्त परीक्षेची मुलं, त्यामुळे गादीवरही दोनच बाळं होती: राजा, आणि परीक्षेला बसलेल्या दुसऱ्या एका मुलीची धाकटी बहीण. तिला सगळ्या चिमणी म्हणत. दोघं खेळून खेळून दमली आणि गादीच्या दोन टोकांना झोपली. वरच्या मजल्यावरून पाण्यासाठी हाक आली म्हणून मावशी कळशी घेऊन गेल्या.

तेवढ्यात फाटकातून गवंडी आला. बांधकामावर सिमेंट आलं नव्हतं, म्हणून काम लवकर सुटलेलं. बायको घरी पोचली असेल, पोराला आपणच घरी न्यावं, मावशींनाही तेवढाच आराम, असा चांगलाच विचार त्यानं केला. खोलीचं दार उघडंच होतं. त्यानं निळ्या अंगड्यातलं बाळ अलगद उचललं, खांद्याशी धरलं आणि घरचा रस्ता धरला.

मावशी खाली आल्या. गादीवर एकच बाळ. जवळ जाऊन पाहिलं तर राजा गाढ झोपलेला, आणि चिमणीची जागा मोकळी. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. राजाला कडेवर घेऊन त्यांनी चेंडूंच्या पेटीमागे पाहिलं, नळापाशी पाहिलं, फाटकापर्यंत पळाल्या. फाटकाशी पेरूवाली बसली होती.

"कुणी बाळ घेऊन गेलं का गं?"

"तो गवंडी गेला ना मघाशीच. पोराला काय ऐटीत घेऊन चालला होता!"

मावशींनी कडेवरच्या राजाकडे पाहिलं. सगळा प्रकार ध्यानात आला, आणि त्या घाबरलेल्या अवस्थेतही त्यांना हसू फुटलं.

वसाहत लांब नव्हती. मावशी फाटकाबाहेर पाऊल टाकताहेत तोवर समोरून गवंडीच परत आला. काखोटीला रडणारी चिमणी, मागे हातवारे करत येणारी बायको.

"शाळा आहे का बाजार?" तो लांबूनच गरजला. "पोरगा ठेवून घेतला, पोरगी गळ्यात मारली!"

"कोणी मारली? तुम्हीच उचलून नेली की," मावशी म्हणाल्या.

"मला काय माहीत, सगळ्यांना एकसारखे कपडे!"

"लंगोट बदलायला घेतलं नि माझ्या पायाखालची जमीनच सरकली!" बायको धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, अहो, हे काय आणलंत? तर म्हणतात, राजाच आहे, जरा उन्हानं सुकलाय!"

पेरूवाली पदरात तोंड लपवून हसली. तिथेच गवंड्याचा तिळपापड झाला.

"बास. खूप झालं शिक्षण. कुठे आहे थोरली? आत्ताच्या आत्ता घरी चल म्हणावं."

तो जिन्याकडे वळला. वर परीक्षा चालू होती. अजून शेवटचा भाग, गणितं, बाकी होता. मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. एका कडेवर राजा, दुसऱ्या हातात घंटेचा हातोडा.

"शेवटची घंटा झाल्याशिवाय वर कुणी जात नाही."

"माझी मुलगी आहे ती!"

"हो. आणि हा तुमचा मुलगा. याला आधी घ्या, मग मुलीचं बोलू."

त्यांनी राजाला त्याच्या हातात दिलं आणि चिमणीला स्वतःकडे घेतलं. चिमणी लगेच शांत झाली. राजानं मात्र डोळे उघडून समोरची दाढी पाहिली आणि टाहो फोडला. गवंडी त्याला वर-खाली हलवू लागला, जणू पोत्यातलं सिमेंट बसवायचंय. राजा निळा पडेस्तोवर रडू लागला.

आवाज ऐकून मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खाली आल्या.

"परीक्षा चालू आहे. काय चाललंय इथे?"

आता आपली नोकरीही गेली, असं मावशींना वाटलं. त्यांनी काही लपवलं नाही. गादी, किल्ली, अंगडी, सगळं भराभर सांगून टाकलं. व्यायामाच्या सरांचं नाव तेवढं गाळलं.

"मावशी," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "खेळाच्या खोलीला वर्षभर दुधाचा वास येतोय. मी काय समजले असेन? चेंडूंना दूध पाजता असं?"



"पण शाळेतून बाळ कुणीही उचलून नेऊ शकतं, हे बरोबर नाही," बाई पुढे म्हणाल्या. "ती चूक तुमची."

"माझीच," मावशी म्हणाल्या. "दार उघडं टाकून गेले. शब्द दिला होता. मला काय बोलायचं ते बोला, मिस्त्री. तिला नका बोलू. ती वर गणितं सोडवतेय. तिनं काय केलंय?"

गवंड्याची बायकोच बोलली. "डोळ्याला पट्टी बांधा, तरी थोरली ओळखेल याला. जन्मल्यापासून तिच्याच अंगाखांद्यावर आहे. तुम्ही एकदा तरी घेतलंत का त्याला धड?"

"मी कामावर असतो."

"मग मी काय फिरायला जाते?"

राजाचं रडणं चालूच होतं. मावशी पायरीवरून न हलता म्हणाल्या, "असं नाही. डोकं खांद्यावर टेकवा. हात पाठीवर. थोपटू नका, नुसता ठेवा. आता चाला, सावकाश. विटा नाही वाहायच्यात."

गवंडी चालू लागला. मैदानाच्या कडेनं, झाडाखालून, परत पायऱ्यांपर्यंत. त्याची बायको पायरीवर बसून घाम पुसत बघत होती. मोठ्या बाई वर जायच्या थांबल्या होत्या. हळूहळू हुंदके लांबले आणि थांबले. राजाची मूठ बापाच्या कॉलरमध्ये अडकून राहिली.

मावशींनी शेवटची घंटा दिली. मुली खाली आल्या. थोरलीनं बापाला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. ती धावत गेली, सवयीनं दोन्ही हात पुढे केले.

"द्या बाबा, द्या, मी घेते."

"राहू दे," गवंडी दबक्या आवाजात म्हणाला. "आत्ताच झोपलाय." मग त्यानं विचारलं, "गणितं सुटली का?"

"एक राहिलं."

"का राहिलं?"

"खाली राजाचं रडणं ऐकू येत होतं."

एक गणित राहूनही तिचा नंबर वर लागला. फी माफ झाली. गवंडी सकाळी कामावर जाण्याआधी राजाला आंघोळ घालू लागला. वसाहतीत त्याची थट्टा झाली, काही दिवसांनी थांबली. मोठ्या बाईंनी खोलीला कडी आणि खिडकीला जाळी बसवून घेतली, आणि शाळा चालू असताना तिथे एक माणूस कायम बसेल असं ठरवलं. बाळ कुणाच्या हातात द्यायचं हेही मावशींनी ठरवून टाकलं: बाप आला तर आधी त्यानं नाव सांगायचं आणि मग बाळ ओळखून दाखवायचं.

थोरली पुढे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिशीच्या आसपास लग्न केलं, एक मुलगी झाली, आणि सासूनं दुसऱ्याचा विषय काढला तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "हिला नीट वाढवते आधी." तिच्या बहिणींचीही लहान कुटुंबं. गादीवर वाढलेल्या बाकीच्या बाळांच्या बहिणींचं तेच झालं. खोली हळूहळू रिकामी होत गेली. मग पहिलीचा वर्गही विरळ होऊ लागला, आणि एका वर्षी दोन तुकड्यांची एक करा असा हुकूम आला.

मावशींच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने राहिले होते. मोठ्या बाई वर्गाच्या दारात उभं राहून बाक मोजत होत्या. त्यांचेही केस आता पांढरे झाले होते.

"मावशी, तुम्हीच शाळेच्या मुळावर उठलात बघा. मुलींना शिकू दिलंत, आता मुलं येईनात."

"जी येतील ती ऐसपैस बसतील, बाई. आमच्या वेळी मला बसायला जागाच नव्हती."

मोठ्या बाई हसल्या. मग दोघींनी मिळून एक जड बाक उचलला आणि उजेड चांगला येतो त्या खिडकीशी नेऊन ठेवला.