चार तारांची सवय

"इथं राहायचंय ना? मग ते गिटारीचं धूड माळ्यावर टाक."

"दादा, तासभरच वाजवतो. दार लावून वाजवतो."

"दार लावून काय होतंय? भिंतीतून येतो तो आवाज. रात्रभर छापखान्यात उभा राहून येतो मी. जरा पाठ टेकली की तुझं सुरू, ढुम ढुम. छातीतच वाजतंय असं वाटतं."

"सराव नाही केला तर बँडचे मास्तर माझी जागा दुसऱ्याला देतील."

"देऊ देत. लोक जेवतात आणि तू कोपऱ्यात वाजवतोस, ती काय जागा झाली?"

हे भांडण मी स्वयंपाकघरात बसून ऐकलं. एक आमचे हे, दुसरे माझे धाकटे दीर. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मांडीवर सहा महिन्यांची मुलगी नुकती झोपली होती. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं, की तुम्ही दुपारी चारला उठता, त्यानंतर वाजवू द्या की त्यांना. मी म्हणाले नाही. खोटं कशाला बोलू, पोर झोपली होती आणि मलाही शांतता हवी होती. मूग गिळून बसले.

गिटार जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. दोन महिन्यांत हॉटेलच्या बँडमधली जागाही गेली. भावजी एका पाळणाघरात लागले, मुलं सांभाळायला आणि गाणी म्हणायला. तिथं कपाटात एक युकुलेले पडून होतं. गिटारीचंच शेंडेफळ म्हणा, चार तारांचं, तान्ह्या बाळाएवढं. आवाज एवढा मऊ की त्यानं झोपलेला माणूस उठत नाही, जागा असेल तर झोपतो. ते घरी आलं तेव्हा हेसुद्धा म्हणाले, "हे चालेल." त्यांनी परवानगी दिली आणि एकोणीस वर्षं निघून गेली.

भावजींनी लग्न केलं नाही. "वहिनी, दिवसभर चाळीस पोरं असतात, आणखी कशाला?" म्हणून हसायचे. पाळणाघरात त्यांनी एक खेळ काढला होता. भिंतीवर रंगीत इंग्रजी अक्षरं लावली होती. पोरं एकेका अक्षरावर बोट ठेवून ओरडायची, "सी!" की भावजींनी त्या नावाची कॉर्ड लगेच वाजवायची. कॉर्ड म्हणजे तारा ठरल्या जागी दाबून एकदम छेडायच्या. उशीर झाला की पोरं "हरले, हरले" करून नाचायची. मी एकदा पाहिलंय, तोंडातून अक्षर निघायच्या आत बोट तारेवर. दिवसातून शंभर वेळा.

ज्या वर्षी हे निवृत्त झाले, त्याच वर्षी मास्तरांचा निरोप आला. गिटारवाला सोडून चाललाय, तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी येऊन वाजवून दाखव, जमलं तर जागा तुझी. भावजी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. खाली उतरले तेव्हा केसांत जाळी आणि तोंडावर असं हसू, की मला माझ्याच घरात परक्यासारखं वाटलं.

पहिल्या दिवशी ते स्वयंपाकघरात माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. गिटार मांडीवर घेतली आणि घेतल्या घेतल्या परत उचलली.

"काय झालं?"

"ही बसतच नाही वहिनी. युकुलेले छातीशी धरायचं, हाताच्या घडीत मावतं. हिच्यासाठी खांदा उचलायला लागतोय. हात पलीकडे पोचवायचा म्हणजे पिंपावरून वाकल्यासारखं वाटतं."

अंगठा वरच्या तारेवर पडला आणि ते दचकले. युकुलेलेची वरची तार बारीक बोलते. गिटारीची वरची जाडजूड, घरातलं वडीलधारं माणूस खाकरावं तशी. मग बघते तर खालच्या चारच तारा छेडतायत. वरच्या दोन नुसत्या पाहुण्यांसारख्या.

"त्या दोघींनी काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

"विसरतो. हात चार मोजतो आणि थांबतो."

दुसऱ्या दिवशी बोटं दाखवली. तारांचे वळ उठले होते, टोकं लालभडक. "ती नायलॉनची तार असते, बोट टेकलं की बोलते. ही पोलाद आहे. हिला आधी मनवावं लागतं." शिवाय दांडा रुंद. त्याच्यावरच्या ज्या पट्ट्या एका चिमटीत यायच्या, त्यांच्यासाठी पंजा फाकवायचा. संध्याकाळी भावजींना डब्याचं झाकण उघडेना. मी उघडून दिलं. "एकेकाळी ह्याच हातांनी तीन-तीन तास वाजवलंय," म्हणाले, ते मला नाही, हातांना.

पण माणूस चिकाटीचा. रोज पहाटे बसले. बोटांना घट्टे पडले, सहाच्या सहा तारा बोलायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात तर असं वाजवलं की हे पेपर खाली ठेवून ऐकत बसले.

रविवारी भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला. एकटा गेलो तर दारातून परत येईन." बँड सोडला तर हॉटेलचा हॉल रिकामा होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या. मी पडद्याशी बसले. पहिल्या दोन गाण्यांचा कागद समोर होता, ती उत्तम झाली. मास्तरांनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, झालं, सुटले.

तिसऱ्याला कागद नव्हता. मास्तर म्हणाले, "मी नावं सांगतो, तू धर," आणि चालत्या गाण्यात मोठ्यानं ओरडले, "सी!"

भावजींचं एकच बोट सगळ्यात खालच्या तारेवर, तिसऱ्या पट्टीत जाऊन बसलं. युकुलेलेवर सी तसाच लागतो. गिटारीवर त्याला तीन बोटं लागतात, आणि एका बोटानं निघतो तो भलताच सूर. गाणारी बाई एकीकडे, गिटार दुसरीकडे. मास्तरांनी हात वर केला. पुन्हा सुरुवात. पुन्हा "सी!" आणि पुन्हा तेच. भावजी स्वतःच्या हाताकडे असे बघत होते, जसं कुणी दुसऱ्याच्या पोराकडे बघावं. घरी एकट्यानं सराव केला, तिथं नाव घेऊन ओरडणारं कोण होतं? ओरडलं की काय करायचं, ते त्या हाताला एकोणीस वर्षं चाळीस पोरांनी शिकवलं होतं.

तिसऱ्यांदा मास्तर ओरडलेच नाहीत. जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. "कान शाबूत आहेत रे तुझे. हात मात्र पोरांचे झालेत. आमच्या गिटारींना तारा घालून, सुरात लावून देशील का? दर सोमवारी? असा कान नाही दुसऱ्या कुणाचा."

मला वाटलं, ताडकन उठतील. म्हणाले, "देईन की."

घरी आलो तर हे दारातच. "काय झालं?"

"नाही जमलं, दादा."

"मग ते छोटं काय वाईट होतं? आणि आम्ही कुठं तुला अडवलं होतं?"

भावजी चपला काढत होते. मीच म्हणाले, "तुम्ही झोपा जाऊन." एवढं बोलायला मला एकोणीस वर्षं लागली, आणि तेही उपयोगाचं राहिलं नव्हतं.

पुढं सात वर्षं एक सोमवार चुकला नाही. मी एकदा विचारलं, "सूर लावून झाला की एखादं गाणं वाजवून बघता की नाही?"

"जुळवायला बोलावलंय वहिनी, वाजवायला नाही."

भावजी वारले त्या आठवड्यातल्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर होते. दाताच्या डॉक्टरकडून येताना वाटेतच हॉटेल होतं. भावजींनी कोट काढून खुर्चीला अडकवला, जुन्या तारा उतरवल्या, नव्या घातल्या. एकेक तार ओढायचे, कान जवळ न्यायचे, खुंटी केसभर फिरवायचे. तारांची टोकं पकडीनं तोडली आणि कुणाला टोचू नयेत म्हणून कागदाच्या पुडीत बांधली. तेवढ्यात बँडमध्ये हल्ली गिटार वाजवते ती पोरगी आली.

"काका, झाली?"

"झाली. तारा नव्या आहेत, तिसरी थोडी उतरेल. मध्ये एकदा बघून घे."

गिटार तिच्या हातात दिली, पुडी कोटाच्या खिशात टाकली आणि स्टेजच्या कडेच्या पायरीनं खाली उतरले. "चला वहिनी," म्हणाले, "साडेपाचची बस मिळेल."