पुराव्याचा रविवार

दारव्ह्यात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाली की कोणीतरी एक जण उठून बोलतो, आणि बोलून झालं की माझे बाबा विचारतात, "पुरावा?" नियम त्यांचाच. पुरावा असला तर सांगायचा, नसला तर सगळ्यांसमोर मोठ्यानं "पुरावा नाही" म्हणायचं आणि खाली बसायचं. अंगात येणाऱ्या बाईपासून ताईत विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी असंच बसवलं. स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही. आत्या त्यानंतर वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही.

मी पुण्यात स्ट्रिंग थिअरीवर पीएच.डी. करते. गेल्या उन्हाळ्यात घरी आले तर विहाराच्या फाटकावर बॅनर: 'आपल्या वस्तीची कन्या विश्वाचे रहस्य उलगडणार.' बाप्पा!

"हे कोणी लावलं?" मी आईवर खेकसले.

"तुह्या बापानं. दुसरं कोण?"

येत्या रविवारी बोलायची पाळी माझीच होती. विश्वातला प्रत्येक कण म्हणजे थरथरणारी एक बारीक तार, हे सांगायला सोपं. पण ती तार कोणी पाहिलेली नाही. ती इतकी लहान की आजचं कुठलंही यंत्र तिच्या जवळपास पोचत नाही. कणांची टक्कर घडवणाऱ्या मोठ्या यंत्रात या थिअरीला बळ देणारे काही नवे कण सापडतील अशी आशा होती, तेही सापडले नाहीत. गणित मात्र इतकं देखणं की सोडवत नाही. आमचेच एक सर चहा पिता पिता म्हणतात, हे विज्ञानच नाही. तिथे मी हसून सोडून देते. बाबांसमोर काय करणार? ते मला बसवतील, आणि मी त्यांच्या मनातून उतरेन. त्याचंच भेव होतं.

रविवारी मी बोलले. बायका कौतुकानं बघत होत्या. वाटलं, आज बाबा नाही विचारणार, पोटची पोर आहे.

"पुरावा?"

क्षणभर मनात आलं, द्यावं ठोकून. 'यंत्रात दिसलंय' म्हटलं असतं तर तिथं कोणाला कळणार होतं?

"पुरावा नाही."

"मोठ्यानं."

"पुरावा नाही!"

"मंग चूक असन, तं ते तरी कसं समजन?"

इतक्या सरळ मला हे कोणी विचारलं नव्हतं. "तेही आज सांगता येत नाही, बाबा. एक गोष्ट नाही सापडली, की थिअरीत फेरफार करून पुन्हा जुळवता येतं."

"बस खाली."

बसले. टाळी कोणीच वाजवली नाही.

घरी जाताना बाबा पुढे, मी मागे. चौकात ते थांबले. आता म्हणतील, सोडून दे.

"तू बोलून राह्यली होती तवा माहा जीव टांगणीले लागला होता."

"काहून?"

"तू 'पुरावा हाये' म्हणशीन म्हणून."

मला रडूच फुटलं.

"किती वर्सं लागतीन पुरावा याले?"

"माह्या जन्मात येईनच असं नाही, बाबा."

"मंग सारा जन्म वाया जाईन, याचं तुले भेव नाही वाटत?"

"वाटते ना. रोज वाटते."

"आता मलेबी वाटून राह्यलं," ते म्हणाले, आणि भर चौकात त्यांनी माझा हात धरला.